‘आधी परमनंट नोकरी, मग तुझं ते नाटक’ : घरच्यांशी बोलणी करण्याची रीत

गोव्यातल्या बहुतेक घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. नाटकाच्या जागी चित्रकला घाला, गाणं घाला, केकचा धंदा घाला, बाकीचं वाक्य तसंच राहतं. समोरून मुलगा किंवा मुलगी ‘तुम्हाला कळतच नाही’ म्हणते, दार आपटतं आणि विषय पुढच्या भांडणापर्यंत मिटतो.

बारावी ते पंचविशीच्या दरम्यान याच जागी अडकलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. घरच्यांचा विरोध बहुधा स्वप्नाला नसतो, त्याला शेवट दिसत नाही याला असतो. किती वर्षं, किती पैसे, आणि नाही जमलं तर काय, ही तीन उत्तरं मिळाली नाहीत की आईबाप मनातल्या मनात वाईटात वाईट उत्तर धरून चालतात. ती उत्तरं तुम्ही कागदावर द्यायची आहेत. कशी, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : ‘नको’च्या मागची भीती शोधा

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बरेच जण ही पायरी गाळून थेट भाषणाला लागतात.

सरकारी नोकरीचा हट्ट उगाच आलेला नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ज्यांच्या दारात खनिजाचा ट्रक होता, त्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडताना पाहिल्या. मग थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक उभा राहिला तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. किनाऱ्यावरच्यांनी २०२० मध्ये तेच अनुभवलं: शॅक, टॅक्सी, गेस्ट हाऊस, सगळं एकदम ठप्प. या दोन्ही वेळी शेजारच्या ज्या घरात वीज खात्यात किंवा पीडब्ल्यूडीत माणूस होता, तिथे पगार येत राहिला. तुमच्या बाबांनी यातून ‘परमनंट पाहिजे’ असा धडा घेतला असेल तर त्यांना जुन्या विचारांचे म्हणून मोडीत काढू नका. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून पहिल्या बोलण्यात आपली बाजू मांडायचीच नाही, फक्त विचारायचं. ‘बाबा, खाणी बंद झाल्या तेव्हा घर कसं चालवलंत?’ ‘आई, बारावीनंतर तुला काय करायचं होतं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून अनेक मुलं गप्प होतात. आईने नर्सिंगचा फॉर्म भरला होता आणि लग्न ठरलं, असं काहीतरी पहिल्यांदाच कळतं.

उत्तरं ऐकताना भीतीची जात ओळखा. पैशांची भीती वेगळी, ‘म्हातारपणी आमच्याजवळ कोण’ ही वेगळी, ‘लोक कितें म्हणटले’ ही वेगळी आणि ‘मुलगी रात्री तालमीहून एकटी कशी येणार’ ही अगदीच वेगळी. प्रत्येकीचं उत्तर निराळं असतं. आईला रात्रीच्या प्रवासाची काळजी असेल तर तिला स्त्रीस्वातंत्र्यावर ऐकवून काही होणार नाही. शेवटची बस किती वाजता, सोबत कोण, उशीर झाला तर कोणाकडे थांबणार, एवढं सांगा. बाबांना पैशांची भीती असेल तर ‘मला यात समाधान मिळतं’ हे वाक्य त्यांच्या कानावरून निघून जातं.

आईबाप दोघांचं मत एकच आहे असंही धरू नका. घरात ते एका सुरात बोलतात, पण वेगवेगळं बसून बोललात की फरक दिसतो.

पायरी २ : स्वप्नाचा साधा मंगळवार बघून या

‘मला कलाकार व्हायचंय’ हे घरच्यांसाठी अर्धं वाक्य आहे. त्या क्षेत्रातला माणूस एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी काय करतो, त्याचे पैसे कोण देतं आणि कधी देतं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

गोव्यात इथे एक खास फसगत होते. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, पणजी कलाकारांनी आणि कॅमेऱ्यांनी भरून जाते आणि या क्षेत्रात कामच काम आहे असं वाटू लागतं. त्या दिवसांत तिथे राबणाऱ्या माणसाला गाठा, पण प्रश्न पावसाळ्याचा विचारा: ‘जून ते सप्टेंबर काय करता?’ हॉटेल, वॉटर स्पोर्ट्स, लग्नाचे फोटो, लाइव्ह संगीत, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे. उत्तर असेल तर क्षेत्र तुम्हाला समजलं. नसेल तर बाबा तोच प्रश्न विचारणार, हे लक्षात ठेवा.

किमान तिघांना भेटा. एक जम बसलेला, एक धडपडणारा आणि एक ते क्षेत्र सोडून दुसरीकडे गेलेला. तिसरा सगळ्यात उपयोगी, आणि त्याच्याकडे नेमकं कोणी जात नाही.

जाता जाता एक बोलतो. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, आणि घरातलं पोर गाणं शिकतो म्हणालं की कपाळाला आठी. पण याच नावांत तुमच्यासाठीही एक कडू गोष्ट आहे: यातल्या प्रत्येकाची मोठी कारकीर्द गोव्याबाहेर घडली. तुमच्या क्षेत्रासाठी गाव सोडावं लागणार असेल तर ते आत्ताच कबूल करा. वर्षभराने कळलं तर घरच्यांना फसवल्यासारखं वाटेल.

पायरी ३ : कोणता दरवाजा कधी बंद होतो, ते लिहून काढा

अर्धं भांडण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ या समजुतीवर चालतं, दोन्ही बाजूंनी. खरी स्थिती तपासली की बरीच हवा निघून जाते.

काही दरवाजे खरोखर लवकर बंद होतात. जेईई मेन बारावीचं वर्ष आणि त्यापुढची दोन वर्षं एवढ्यातच देता येते. एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस. यातलं काही घरच्यांना हवं असेल तर ‘नंतर बघू’ हे प्रामाणिक उत्तर नाही. ‘हो’ म्हणा किंवा स्पष्ट ‘नाही’ म्हणा.

काही दरवाजे वाटतात त्यापेक्षा बराच काळ उघडे असतात. नीटला सध्या वरची वयोमर्यादा नाही, मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. आणि बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: गोवा सरकारच्या बऱ्याच पदांना वयाची मर्यादा ४५ वर्षं आहे. पोलीस भरतीसारख्या ठिकाणी ती पुष्कळ कमी आहे, त्यामुळे जाहिरात पाहूनच बोला. पण कारकून, अधिकारी, शिक्षक या मार्गांवर तुम्ही २१ व्या वर्षी दोन वर्षं दुसरं काही केलंत म्हणून सरकारी दार कायमचं लागत नाही. अशी एखादी जाहिरात छापून बाबांच्या हातात द्या. तुमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

दार उघडं ठेवायला काही कागदपत्रं मात्र वेळेवर करावी लागतात. राज्य सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. शिकायला बाहेर जाणार असाल तर त्याचं काय होईल ते निघण्याआधीच मामलेदार कार्यालयात विचारून घ्या. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट मानलं जातं. घरी कोकणी बोलतो म्हणून ती वाचता-लिहिताही येते असं गृहीत धरू नका, आपल्यापैकी अनेकांचं वाचन मराठीत झालेलं असतं. गट ‘क’ची पदं आता गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या संगणकावरच्या परीक्षेतून भरली जातात. म्हणजे अभ्यासाला उपयोग आहे.

‘ओळखीने बघू, थोडे पैसे भरू’ असं कोणी सुचवत असेल तर तिथेच थांबवा. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं २०२४ च्या अखेरीस गोव्यात एकामागून एक उघडकीला आली, अटका झाल्या. पैसे गेले ते साध्या घरांचे.

पदवी अर्धवट सुटण्याची भीतीही आता थोडी कमी झाली आहे. गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी सुरू झाली. अटी पूर्ण करून एका वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी. मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात. मी हे पळवाट म्हणून सुचवत नाही. पण ‘मध्येच सोडलं तर हातात काहीच राहणार नाही’ हे वाक्य आता तंतोतंत खरं नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघणाऱ्या घरांसाठी दोन ओळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मार्ग मिळतो, पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये सरळ जाऊन नोकरीही धरता येत नाही. काकाचा मुलगा २०१५ ला गेला, हा आता पुरावा होऊ शकत नाही.

पायरी ४ : एक पानी कागद करा

सगळ्या लेखातली कामाची गोष्ट ही. एकच पान. लांब लिहिलंत तर कोणी वाचणार नाही.

समजा, डिचोलीतली एक मुलगी आहे. बारावी विज्ञान झालं आहे, गुण बरे आहेत. घरच्यांना बीएस्सी नर्सिंग हवं, कारण नोकरी लागते. तिला पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात जायचं आहे. तिचा कागद साधारण असा होईल:

‘मला बीएफए करायचं आहे. पेंटिंग आणि अप्लाइड आर्ट यांपैकी मी अप्लाइड आर्ट निवडेन, कारण त्यात जाहिरात आणि डिझाइनची कामं मिळतात. चित्रं मी काढतच राहीन. प्रवेश परीक्षेची तयारी आजपासून करते. यंदा प्रवेश मिळाला नाही तर आणखी एक वर्ष थांबणार नाही, तुम्ही म्हणता त्या अभ्यासक्रमाला जाईन. म्हणून तिथले फॉर्मही आत्ताच भरते. घरूनच बसने ये-जा करेन, खोलीचा खर्च नाही. फी, पास आणि साहित्य मिळून वर्षाचा खर्च याच पानाच्या मागच्या बाजूला आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत पैसे मिळालेली बाहेरची निदान तीन कामं केलेली असतील. नसतील तर आपण पुन्हा बसू आणि मी बीएड किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी सोबत सुरू करेन. तुमच्याकडून एवढंच हवं: या दोन वर्षांत रोज तोच विषय निघू नये.’

यात चार गोष्टी आहेत हे बघा. मुदत आहे. खर्च आहे. तिसऱ्या माणसाला मोजता येईल असं माप आहे: ‘प्रगती दाखवेन’ असं मोघम लिहिलेलं नाही, पैसे मिळालेली तीन कामं लिहिली आहेत. आणि परतीची वाट तिने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. शेवटची ओळ मात्र मागणी आहे. ती विसरू नका. बोलणी म्हणजे फक्त तुम्हीच वचनं देत बसायचं असं नाही.

माप ठरवताना कंजूषपणा करू नका आणि हवेतही जाऊ नका. नाटकवाला असाल तर ‘दोन वर्षांत सिनेमा’ लिहू नका. कला अकादमीच्या नाट्यविद्यालयात प्रवेश, किंवा एका हंगामात मानधनासह अमुक इतके प्रयोग, असं लिहा. केकवाल्यांनी महिन्याच्या ऑर्डर लिहाव्यात, आणि खर्च वजा करून काय उरतं तेही लिहावं. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून पदवी घेऊन बेकरीकडे जाणं हाही मार्ग आहे. घरच्यांना पदवी दिसते, तुम्हाला भट्टी मिळते.

कागद लिहिताना तुमच्याच लक्षात आलं की माप ठरवता येत नाही, कारण तुम्हाला नेमकं काय हवं तेच माहीत नाही, तर तसं घरी सांगा आणि मुदत एका वर्षाची मागा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग त्या वर्षात रोज सकाळी उठून कुठे जाणार, ते लिहायला हवंच.

पायरी ५ : पैशांचा हिशेब

खर्चाच्या बाजूला प्रत्यक्ष चौकशी करून आणलेले आकडे लिहा. अंदाज नको. मुंबई, पुणे, बडोदा असा बेत असेल तर फीपेक्षा राहणं-खाणं जड जातं, ते वेगळं दाखवा.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. उत्पन्न, वास्तव्य आणि अभ्यासक्रमाच्या अटी लागतात, त्या आधी वाचा. धंद्याचा बेत असेल तर ईडीसी या सरकारी वित्तसंस्थेमार्फत चालणारी मुख्यमंत्री रोजगार योजना पाहा. पण सुरुवातीलाच कर्ज काढून यंत्रं आणू नका. घरच्या ओव्हनवर चार महिने निघाले की मग बोला.

बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीला आणि आईच्या सोन्याला हात लावायचा नाही, हे कागदावर तुम्हीच लिहा. त्यांनी विचारायच्या आधी.

पायरी ६ : कोणी बोलायचं, कधी बोलायचं

निकालाच्या दिवशी नाही. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि समोरच्याच्या मुलाचे टक्के. निकाल आणि प्रवेश यांच्यामधले दिवस तापलेले असतात. शक्य असेल तर बारावीच्या दिवाळीतच पहिलं बोलणं उरका.

चतुर्थीला तर अजिबात नाही. सगळं घराणं माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, जमलेलं असतं, आतेभाऊ नुकताच खात्यात लागलेला असतो, आणि कोणीतरी सगळ्यांसमोर विचारतंच, ‘मग तू काय करतेस?’ तिथे उत्तर एकच: ‘शिकतेय काका, ठरलं की सांगते.’ पाहुण्यांसमोर आईबापांना भूमिका घ्यावी लागते, आणि एकदा सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हटलं की ते मागे घेणं त्यांनाही कठीण जातं.

मध्यस्थ हवा असेल तर जपून निवडा. बहुतेक घरांत मामाचं आई ऐकते, पण बाबा ऐकतातच असं नाही. बाबा ज्यांचा शब्द मानतात असा माणूस बघा: त्यांचा जुना सहकारी, शाळेतले सर, मोठे काका. त्याला आधी कागद दाखवा आणि एवढंच मागा, की ‘तुम्ही माझी वकिली करू नका, फक्त दोघांनाही पूर्ण बोलू द्या.’ तुमच्यासारखंच स्वप्न बघून यशस्वी झालेला माणूस आणू नका. बाबा म्हणतील, ‘तो हजारात एक.’ आणि ते बरोबर असेल.

बोलायला बसल्यावर कागद समोर ठेवून गप्प राहा. त्यांना वाचू द्या. ‘बाबा, यातलं तुम्हाला काय पटत नाही ते पेनाने खूण करा,’ म्हणा. खुणा केल्या म्हणजे बोलणी सुरू झाली. त्याच दिवशी निकाल मागू नका.

पायरी ७ : दोन्ही सोबत चालवायचं असेल तर

‘नोकरी कर, उरलेल्या वेळात छंद’ हा तोडगा घरात पटकन सुचतो. तो वाईट नाही, पण ‘उरलेला वेळ’ खरोखर उरतो का ते तपासा. मोपा विमानतळावर किंवा हॉटेलात पाळ्यांची ड्युटी असेल तर संध्याकाळची तालीम जमणार नाही. हे लक्षात न घेता नोकरी धरली की सहा महिन्यांत स्वप्न आपोआप मिटतं, आणि कोणालाच दोष देता येत नाही. ठरावीक वेळेची कमी पगाराची नोकरी इथे जास्त पगाराच्या पाळीपेक्षा कामाची. सराव सकाळी कामाआधी ठेवा. संध्याकाळ पाहुणे, लाइट जाणं आणि थकवा खाऊन टाकतात.

पायरी ८ : तरीही ‘नाही’च आलं तर

सज्ञान असाल तर कायद्याने निर्णय तुमचा. पण निर्णय तुमचा म्हटलं की खर्चही तुमचा, हे धरून हिशेब करा. काही जण घरच्यांचा अभ्यासक्रम घेतात आणि तीन वर्षं त्याच्यावर राग काढत नापास होतात. त्यापेक्षा तो नीट पूर्ण करून पदवी हातात घेऊन निघणं परवडतं. काही जण घर सोडतात. सोडायचंच असेल तर रागात नको: काही महिन्यांचं भाडं आणि राहायची जागा आधी ठरवा, मूळ कागदपत्रं जवळ ठेवा, आणि पोहोचल्यावर आईला फोन करा.

मारहाण, कोंडून ठेवणं, कागदपत्रं लपवणं किंवा ‘शिक्षण बंद, लग्न लावतो’ अशी धमकी असेल तर वरचा एकही सल्ला लागू होत नाही, ती बोलणी नव्हेत. १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ लावा, किंवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा. आईबापांनाही तिथे नेता येतं.

पायरी ९ : ठरलेल्या तारखेला बसा

कागदावर तारीख लिहिली असेल तर त्या दिवशी तुम्हीच विषय काढा, बाबांची वाट पाहू नका. मापं पूर्ण झाली असतील तर पुढच्या वर्षाचा नवा कागद घेऊन या, या वेळी घरखर्चात तुम्ही काय देणार तेही लिहून. अर्धी झाली असतील तर मुदतवाढ एकदाच मागा आणि ती किती महिन्यांची ते तिथेच ठरवा. अजिबात झाली नसतील तर जे लिहिलं होतं त्या कामाला त्याच महिन्यात लागा, फॉर्म भरा, क्लास लावा. आणि तुमची मापं पूर्ण होऊनही घरचे नवीन अटी काढू लागले, तर जुना कागद बाहेर काढा. त्यावर त्यांच्याही पेनाच्या खुणा आहेत.